कमी पैशात डायबेटिसचं जेवण: किराण्यापासून ताटापर्यंत सगळं क्रमाने

डायबेटिस निघाला की घरात दोन गोष्टी लागोपाठ होतात. गोळ्यांचा खर्च सुरू होतो आणि कुणीतरी डाएटचा एक कागद हातात देतं, ज्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल, रोज सफरचंद, रोज दहा बदाम असं सगळं असतं. महिन्याला १२-१५ हजारात चार माणसांचं घर चालवणारी बाई तो कागद वाचते आणि घडी घालून रिपोर्टच्या फाईलमध्ये ठेवून देते, आणि त्यात तिचं काहीच चुकत नाही. तो कागद तिच्यासाठी लिहिलेलाच नसतो.

आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभराचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, त्यात भारतात १० कोटीच्या वर लोकांना डायबेटिस आहे असं दिसलं. यात रिक्षावाले आहेत, धुणीभांडी करणाऱ्या मावशी आहेत, शेतमजूर आहेत, पेन्शनवर भागवणारे आजी-आजोबा आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितेय. डायबेटिससाठी म्हणून वेगळं काही विकत आणावं लागत नाही. ज्वारी, कडधान्यं, पालेभाजी, अंडं, ताक, शेंगदाणे यातच सगळं बसतं, फक्त ताटातलं प्रमाण बदलावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा पैसा बहुतेक घरांत साखर, बिस्किटं आणि फरसाणातूनच निघतो.

हे सगळं टाइप २ (बहुतेकांना मोठेपणी होणारा नेहमीचा डायबेटिस) असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. गरोदर बाई, लहान मूल, टाइप १ वाले (ज्यांना इन्सुलिनशिवाय चालतच नाही), किंवा ज्यांची किडनी कमजोर आहे (रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं) त्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका, विशेषतः किडनीवाल्यांना प्रोटीनचा हिशेब वेगळा लागतो.

सगळ्यात आधी गोळ्यांची पाकिटं बघा

जेवण बदलायच्या आधी हे करायचंच. पाकिटावर मेटफॉर्मिन एकटंच लिहिलं असेल तर शुगर एकदम खाली जायची भीती फार कमी असते. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड असं काही असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भात-भाकरी अचानक निम्मी केली की शुगर धाडकन उतरू शकते. बऱ्याच गोळ्यांमध्ये दोन औषधं एकत्र असतात, त्यामुळे ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात असतं ते वाचा, नाही कळलं तर मेडिकलवाल्याला विचारा. अशा माणसाने डॉक्टरांना सरळ सांगायचं की मी भात-भाकरी कमी करतोय, डोस बघता का. डोस आपल्या मनाने कमी करायचा नाही आणि गोळी बंद तर अजिबात करायची नाही.

शुगर उतरल्याची लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजेत, शाळेतल्या पोरांनासुद्धा. घाम फुटतो, हात थरथरतात, धडधडतं, गरगरतं, माणूस उगाच चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. शुगर मोजायच्या घरच्या मीटरवर ७० च्या खाली आकडा आला की तीन छोटे चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्यायची. १५ मिनिटांनी परत बघायचं, नाही चढली तर पुन्हा तेवढीच, आणि चढली की मग थोडं जेवण. मीटर नसेल तर लक्षणांवरून द्या, वाट बघू नका. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

मग किराण्याचा हिशेब

एक महिन्याची किराण्याची यादी घ्या, नसेल तर आठवडाभर रोज काय आणलं ते लिहून ठेवा. दुकानातून सुटं आणलेलंही लिहा, कारण गळती तिथेच असते. पाच-दहा रुपयांचे बिस्किटाचे पुडे, खारी, टोस्ट, वेफर, फरसाण, पोरांबरोबर आपणही प्यायलेलं कोल्ड्रिंक.

साखरेचा हिशेब तर करूनच बघा. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे म्हणजे आठ चमचे, चमचा साधारण ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम रोज, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर एका माणसाच्या फक्त चहातून. हे कमी करायचं तर एकदम बिनसाखरेचा चहा करू नका, चार दिवसात माणूस कंटाळून परत दोन चमच्यावर येतो. आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत जा, जीभ महिनाभरात सरावते. आलं, गवती चहा, वेलचीची साल टाकली की साखर कमी झालेली फारशी जाणवत नाही. आणि चारचे दोन कप झाले तर दूधही वाचलं.

गूळ, काकवी, मध, खडीसाखर या सगळ्याने शुगर चढतेच. गुळात थोडं लोह असतं हे खरं, पण चहात दोन चमचे गूळ टाकून डायबेटिसला तो चालतो असं समजणं महागात पडतं. तसंच 'शुगर फ्री' किंवा 'डायजेस्टिव्ह' लिहिलेली बिस्किटं, डायबेटिसचा स्पेशल आटा, डब्यातली डायबेटिसची पावडर. बिस्किटात साखर नसली तरी मैदा आणि तेल असतंच. या पैशात आठवड्याची मटकी आणि दोन जुड्या पालेभाजी येते.

यादीतला एकेक पदार्थ कापताना त्याजागी काय येणार हे लगेच ठरवून टाका, नाहीतर पैसे तसेच दुसरीकडे जातात. संध्याकाळच्या चहाबरोबर टोस्टऐवजी मूठभर भाजलेले फुटाणे. फरसाणाऐवजी भाजके शेंगदाणे, पण मोजून एक छोटी मूठ, कारण शेंगदाण्यात तेल भरपूर असतं.

तेलाचंही याच वेळी बघून घ्या. माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास पुरतं. चौघांच्या घरात चार-पाच लिटर लागत असेल तर दोन लिटरचे पैसे तिथे आहेत. बाटलीतून थेट कढईत ओतायचं बंद करून चमच्याने घालायला लागलं की आपोआप कमी होतं.

ताट कसं वाढायचं

वजनकाटा नको. घरातली एक ताटली आणि आमटीची नेहमीची वाटी घ्या. ताटलीचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग उसळ किंवा घट्ट डाळ किंवा अंडं-मासळी, आणि उरलेला पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात. आपल्याकडे नेमकं उलटं असतं, तीन पोळ्या, वर भात, आणि बाजूला चमचाभर भाजी.

थोडे आकडे डोक्यात ठेवा. भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ लागतं, त्यात ४० ग्रॅमच्या आसपास कार्ब, म्हणजे धान्यातला तो भाग ज्याची पोटात गेल्यावर साखर होते. मध्यम पोळी २० ग्रॅमच्या जवळपास. शिजलेला भात एक छोटी वाटी ३० ग्रॅम. उसळीची वाटी २० ग्रॅमच्या आसपास, पण तिच्यात प्रोटीन आणि फायबर असल्यामुळे शुगर हळू चढते. एका जेवणाला ४५ ते ६० ग्रॅमपासून सुरुवात करायला हरकत नाही, उन्हात ओझी उचलणाऱ्याला जास्त लागणार, दिवसभर बसून असणाऱ्याला कमी. शेवटी मीटर सांगेल तेच खरं.

ज्वारीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. "ज्वारीची भाकरी डायबेटिसला चांगली, कितीही खा." ज्वारीत पांढऱ्या भातापेक्षा फायबर बरंच जास्त असतं, पोट भरतं, मी स्वतः भातापेक्षा भाकरीच निवडीन. पण कार्ब ज्वारीतही आहेत आणि तीन भाकऱ्या म्हणजे १२० ग्रॅम कार्ब. एक भाकरी आणि दोन वाट्या भाजी हे जेवण झालं, तीन भाकऱ्या आणि ठेचा याने शुगर चढणारच. बाजरी, नाचणीचंही तेच. नाचणीत कॅल्शियम भरपूर, ती जरूर खा, पण पातळ गोड आंबील करून प्यायलात तर शुगर झपाट्याने वर जाते, ताकातली घट्ट आंबील थोडी बरी, भाकरी त्याहून बरी.

खाण्याचा क्रमही बदलून बघा, याला एक पैसा लागत नाही. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, आणि शेवटी भाकरी किंवा भात. असं जेवल्याने जेवणानंतरची शुगर कमी चढते हे अभ्यासातही दिसलेलं आहे. सुरुवातीला विचित्र वाटतं, कोरडी भाजी नुसती कशी खायची म्हणून, तर निम्मी भाजी आधी खा आणि निम्मी भाकरीबरोबर. जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाला, चाळीच्या गॅलरीत चाललं तरी चालतं.

रेशनच्या धान्याचं काय करायचं

अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. फुकट मिळणारा तांदूळ सोडून महागडी मिलेट आणा असं सांगणं म्हणजे थट्टा आहे. तांदूळ खायचा, फक्त बनवायची पद्धत बदलायची.

खिचडी घ्या. आपण दोन वाट्या तांदूळ आणि अर्धी वाटी डाळ घेतो. ते फिरवा, एक वाटी तांदूळ, दोन वाट्या सालाची मूगडाळ, आणि वर दुधी, गाजर, पालक, शेवग्याची पानं जे असेल ते चिरून. सालाची मूगडाळ नसेल तर मसूर. कुकरमधून काढल्यावर खिचडी दिसते तशीच, पोरंही तक्रार करत नाहीत, एका वाटीतले कार्ब मात्र कमी झालेले असतात आणि पोट रात्रभर भरलेलं राहतं.

गव्हाचं सोपं आहे. निवडून, पाच किलो गव्हात किलोभर हरभरे टाका आणि चक्कीवर एकत्र दळून आणा. पीठ जास्त बारीक नको आणि घरी चाळून कोंडा फेकायचा नाही. या पोळ्या थोड्या कडक होतात, कणीक अर्धा तास भिजवून ठेवली की नीट लाटता येतात. खानदेशात कळण्याची भाकरी करतात, ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, ती तर याच हिशेबाची जुनी गोष्ट आहे. ज्वारी विकत घेत असाल तर हंगामात, मार्च-एप्रिलला नवीन माल येतो तेव्हा चार घरांनी मिळून पोतं घ्या, सुटी दोन-दोन किलो घेताना जास्त जातात.

कोकणात आणि गोव्यात, तसंच भंडारा-गोंदियाकडे भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटतच नाही. तिथे भाकरी लादू नका. भात एक वाटी, तो वाटीने मोजून पानात आधी वाढायचा आणि पातेलं ओट्यावरच ठेवायचं. मग कुळथाची पिठी किंवा डाळ दुप्पट, आणि भाजी पोटभर.

दहा रुपयात प्रोटीन किती

इथे जरा वेळ घालवा, कारण बजेटचं सगळं गणित यावर आहे. बाजारभाव गावागणिक बदलतात म्हणून मी धरलेले भाव फक्त उदाहरणाला घ्या आणि आपल्या दुकानातल्या भावाने परत करा.

हरभरे ९० रुपये किलो धरले तर दहा रुपयात साधारण २० ग्रॅम प्रोटीन येतं. मटकी १२० ने धरली तर १७-१८ ग्रॅम. शेंगदाणे १४० ने, तेवढंच. सोयाबीनच्या वड्या १४० रुपये किलो मिळाल्या तर ३५ ग्रॅम, यांच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. अंडं सात रुपयांना असेल तर दहा रुपयात ८-९ ग्रॅम. दूध ६० रुपये लिटर असेल तर ५ ग्रॅमच, आणि पनीर ४०० रुपये किलो असेल तर साडेचार. म्हणजे पनीर परवडत नाही म्हणून कुणी वाईट वाटून घ्यायचं कारणच नाही. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५०-६० ग्रॅम प्रोटीन पुरतं, त्यातलं थोडं भाकरीतूनही येतं.

मटकीचं सांगते. रात्री घरातल्या माणसागणिक एक मूठ मटकी धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालायची. सकाळी पाणी काढून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधायची आणि चाळणीत ठेवून वर झाकण. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत पांढरे मोड डोकावतात, थंडीत दुसरा दिवस लागतो. फडकं वाळलं की वर पाणी शिंपडायचं, आणि चिकट वास आला तर ती मटकी टाकून द्यायची. फोडणीला एक चमचा तेल, जिरं-मोहरी, भरपूर कांदा, टोमॅटो, कांदा-लसूण मसाला, आणि मटकी टाकून झाकणावर पाणी ठेवून दहा-बारा मिनिटं. दाणा बोटाने दाबला तर दबला पाहिजे पण फुटायला नको. ओलं खोबरं परवडलं तर घाला, नाहीतर एक चमचा शेंगदाण्याचं कूट घालून रस्सा दाट करा. वर कच्चा कांदा, लिंबू. फरसाण मात्र घालू नका, ते घातलं की मिसळ झाली.

फ्रीज नसलेल्या घरात एकाच वेळी खूप भिजवू नका, रोज एक मूठ भिजवायची सवय चांगली. सोमवारी मटकी, मंगळवारी मूग, मग चवळी, हरभरा, हुलगे, मसूर, आठवड्यात एकदा सोयाबीन. हुलग्याला बरेच जण विसरलेत. पोट गच्च भरतं आणि भाकरी कमी लागते. कडधान्यांनी गॅस होतो अशी तक्रार असते, त्यांनी भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, नीट शिजवायचं, हिंग-ओवा घालायचा आणि अर्ध्या वाटीपासून सुरुवात करायची.

कडधान्य भिजवायला विसरलात तर पिठलं. बेसन घरात असतंच, पंधरा मिनिटांत होतं, त्यात कांद्याची पात किंवा मेथी ढकलून द्या. खाणाऱ्यांसाठी अंडी आहेत, सुकट-जवळा आहे. सुक्या मासळीत मीठ खूप असतं, बीपी असेल तर दोनदा गरम पाण्यात धुऊन घ्या आणि भाजीत वरून मीठ टाकू नका.

भाजी स्वस्तात कशी आणायची

आठवडी बाजार उठायच्या वेळी जा. संध्याकाळी उशिरा भाजीवाल्या मावशींना माल परत न्यायचा नसतो, विशेषतः पालेभाजी, सकाळी २० ची जुडी तेव्हा १० ला मिळते. पालक, मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, लाल माठ, जे त्या दिवशी सगळ्यात स्वस्त ते. मुळा घेतलात तर पाला टाकू नका, त्याची डाळ घालून झकास भाजी होते, आणि मुळा किसून कोशिंबीर, म्हणजे एका जुडीत दोन पदार्थ. फ्लॉवरचे कोवळे दांडे, कोबीची बाहेरची पानं, नवलकोलाचा पाला, दुधीच्या सालीची चटणी, हे सगळं पोटात जायचं आहे. शेवग्याचं झाड आसपास असेल तर त्याची पानं फुकट. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, घोळ, पण या रानभाज्या ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या.

एप्रिल-मे महिन्यात पालेभाजी महागते, तेव्हा दुधी, दोडका, कोबी, गवार, वांगी, काकडी. बटाटा हा भाजीच्या खात्यात धरायचा नाही. बटाट्याची भाजी आणि पोळी म्हणजे कार्बवर कार्ब, बटाटा केलाच तर एक पोळी कमी. रताळं, साबुदाणा, मक्याचं कणीस यांचंही तसंच.

फळांमध्ये पेरू, पपई, संत्रं, बोरं, जांभळं, आवळा. एका वेळी एक मध्यम पेरू किंवा पपईच्या दोन फोडी, जेवणाच्या शेवटी नको, मधल्या वेळी. केळं खायचंच असेल तर छोटं, अर्धं. आंब्याच्या दिवसांत एखादी फोड खाल्ली तर त्या जेवणात भात नको. रस कुठलाच नाही, उसाचा तर नाहीच.

शेवटी जेवणाऱ्या बाईसाठी

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय. डायबेटिस घरातल्या पुरुषाला असला तर त्याचं ताट ठरल्याप्रमाणे वाढलं जातं. तो बाईला असला तर तिचं जेवण सगळ्यात शेवटी. तोपर्यंत उसळ संपलेली असते, भाजी कढईला चिकटलेली, अंडी तर मोजूनच आणलेली आणि ती पोरांना दिलेली. उरतो काय तर भात आणि आमटीचं पाणी, किंवा चहा-चपाती. मग शिळं वाया जाऊ नये म्हणून सकाळची पोळीही तीच खाते. तिची शुगर का उतरत नाही हे डॉक्टर गोळ्या वाढवून शोधत बसतात, आणि कारण त्या कढईत असतं.

यावर उपाय एकच, वाढायच्या आधी तिचं ताट काढून झाकून ठेवायचं. भाजी-उसळ झाली की पहिल्या दोन वाट्या तिच्या बाजूला. ती स्वतः हे करणार नाही, तिला संकोच वाटतो, म्हणून हे काम मुलाने, सुनेने, नवऱ्याने अंगावर घ्यायला पाहिजे. आणि सगळ्यांनी एका वेळी जेवायला बसता आलं तर सगळ्यात उत्तम. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाकही करायचा नाही, वेगळा केला की तो दहा दिवसांत बंद पडतो. घरभर एकच जेवण, पोरांना एक भाकरी जास्त, तिला भाजी जास्त. हे जेवण बाकीच्यांनाही चांगलंच आहे.

दिवसाचं जेवण कसं दिसेल

सकाळी नाश्त्याला पोहे रोज नको. केले तर पोहे निम्मे आणि त्यात मोडाची मटकी, मटार किंवा कोबी तेवढ्याच प्रमाणात, शेंगदाणे थोडे. इतर दिवशी बेसनाचं किंवा मुगाचं धिरडं, थालीपीठ एक आणि दही, नाहीतर रात्रीची भाकरी कुस्करून ताकात कालवून, वर कांदा. उकडलेलं अंडं आणि एक पोळी हेही पुरतं. दुपारी एक भाकरी, पालेभाजी, उसळ, कांदा-मुळा, ताक. संध्याकाळी फुटाणे आणि कमी साखरेचा चहा. रात्री लवकर, वर सांगितलेली खिचडी एक-दीड वाटी आणि कोबीची कोशिंबीर, किंवा पिठलं-भाकरी आणि वांग्याचं भरीत.

डबा नेणाऱ्यांसाठी, बांधकामावर किंवा रिक्षावर, दोन पोळ्यांत सुकी उसळ गुंडाळून न्या, हात धुवायला पाणी नसलं तरी खाता येते. सोबत काकडी. वडापाव स्वस्त पडतो हे खरं, पण त्यात पाव, बटाटा आणि तळण तिन्ही एकत्र आहेत आणि दोन तासांनी परत भूक लागते, म्हणजे दुसरा वडापाव. ग्लिमेपिराइडवाल्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवायची आणि दुपारचं जेवण पुढे ढकलायचं नाही.

उपवास आणि सण

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार मिळून महिन्यात बरेच उपवास होतात आणि प्रत्येक वेळी साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी, वर गोड लिंबू सरबत. उपवास करायचाच असेल तर राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक, थोडी भगर, एवढ्यात भागतं. दिवसभर काहीच न खाता राहायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळी घेऊन उपाशी राहिलं की शुगर उतरते आणि गोळी न घेता साबुदाणा खाल्ला की चढते. दोन्ही बाजूंनी त्रास.

होळीला पुरणपोळी एक खा, तुपाबरोबर, कटाच्या आमटीबरोबर, मनापासून खा. त्या जेवणात भात आणि कुरडया नको, आणि नंतर चालून या.

तपासणी आणि औषधांचा खर्च

मीटरमध्ये रक्ताचा थेंब लावून घालायच्या स्ट्रिप महाग असतात, म्हणून रोज सकाळी फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर) बघत बसण्यापेक्षा आठवड्यात दोन स्ट्रिप अशा वापरा: एखाद्या जेवणाच्या आधी एक, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एक. वहीत लिहा, काय खाल्लं, किती वाट्या, आधी किती, नंतर किती. बहुतेकांना उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असलं पाहिजे, वयस्कर माणसांना डॉक्टर थोडी ढील देतात. या आठवड्यात भाकरीचं जेवण तपासा, पुढच्या आठवड्यात पोह्यांचं. महिन्या-दोन महिन्यात आपल्या अंगाला काय झेपतं याचा हिशेब स्वतःचाच तयार होतो. इन्सुलिनवाल्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तेवढ्या वेळा तपासायचं, तिथे काटकसर नको.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथे उपचार मोफत आहेत. मेटफॉर्मिनसारख्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात, बाहेर घ्यायच्या झाल्या तर जनऔषधी केंद्रात तेच औषध बरंच स्वस्त असतं, डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. तीन-सहा महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी), वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि पायांची तपासणी. कुठे काय होतं हे गावातल्या आशाताईंना विचारलं की कळतं. बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल आणि मांसाहार नसेल तर बी१२ पण तपासायला सांगा, पायाला मुंग्या येतात त्याचं कधीकधी हे कारण असतं.

मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी खायला हरकत नाही, कारल्याची भाजीही चांगली, पण गोळीच्या जागी नाही. "डायबेटिस मुळापासून घालवतो" म्हणून विकली जाणारी चूर्णं घेऊ नका, अशा काही चूर्णांत गुपचूप शुगरची गोळीच मिसळलेली सापडलेली आहे, त्यामुळे शुगर उतरते खरी पण डोस किती हे कुणालाच माहीत नसतं. त्या पैशाची भाजी आणा.

आणि हे सगळं तीन महिने नीट करूनही एचबीए१सी उतरला नाही, तर जेवणातून अजून काढत बसू नका, उपाशी राहू नका. डायबेटिस जुना झाला की शरीरात इन्सुलिनच कमी बनायला लागतं, तिथे ताट कितीही बरोबर असलं तरी औषध वाढवावं लागतं. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, जेवणाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवा, त्यावरून कुठली गोळी कधी वाढवायची हे त्यांना ठरवता येतं.